माखनमातेचं लोणी आणि मालनच्या टाचा

आमच्या दिंडोशीच्या वसाहतीत सोसायटीची सभा बोलावली तर सेक्रेटरी दारोदार बेल वाजवत फिरतो. गच्ची गळते, पार्किंगवरून डोकी फुटतात, पण सभेला कुणी येईल तर शपथ. आणि त्या मे महिन्यातल्या गुरुवारी मात्र हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्या, सतरंज्या संपल्या, बायका खिडकीच्या कट्ट्यावर चढून बसल्या. पंखे मुद्दाम बंद ठेवलेले. ब्लाउज घामानं पाठीला चिकटलेले, तरी एक बाई हलेल तर! कारण समोर चांदीच्या ताटात लोण्याचा पिवळाधमक गोळा होता, आणि एवढ्या उकाड्यात तो वितळत नव्हता.

"बघा माझ्या लेकींनो!" माखनमाता माइकवरून म्हणाली. "तुम्ही वितळलात, मी वितळले, हा माझा सेवक चंद्रप्रकाश वितळला. देवीचं लोणी वितळलं का?"

"नाहीऽऽ!"

"दुकानातल्या लोण्याचं आत्तापर्यंत काय झालं असतं?"

"पाणीऽऽ!"

"मग हे काय आहे?"

"चमत्काऽऽर!"

मी मागच्या भिंतीला टेकून उभी होते. माझं नाव शकु, पण इथं सगळे मला 'बाई' म्हणतात, कारण निम्म्या वसाहतीच्या पोरांना मी विज्ञान शिकवलंय. शाळेतून निवृत्त झाले, जीभ अजून नोकरीवर आहे. मला तिथं ओढून नेलं होतं मालननं. मालन माझी समोरच्या दारातली शेजारीण. मूळची मालवणकडची, नवऱ्याची गिरणी बंद पडल्यावर लालबागची खोली सोडून इकडं आलेली. माणूस सोन्यासारखं, पण देवाच्या नावानं कुणी नुसतं शिंकलं तरी हात जोडणार.

"बाई, तुमी विज्ञान विज्ञान करतास ना," ती मला म्हणाली होती, "आज येवा, डोळ्यांनी बघा."

तर मी बघत होते. माखनमाता बोरिवलीहून रिक्षानं यायची, पण बोलायची अशी की आत्ताच कैलासावरून उतरली. केशरी रेशमी साडी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि तोंडाला एक मिनिट विश्रांती नाही.

"बेटी, त्वचा म्हणजे काय? त्वचा म्हणजे आत्म्याची साडी! आणि साडीवर डाग कशानं पडतो? कर्मानं!"

माझ्या साडीवर डाग वरणानं पडतात. पण मला कोण विचारतंय.

"पोटावर रेघा, मांड्यांवर रेघा. डॉक्टर काय म्हणतात? स्ट्रेच मार्क्स! आणि हात वर करतात. देवी हात वर करत नाही, देवी हात ठेवते! हे लोणी कैलासाच्या पायथ्याच्या गाईचं आहे. ती गाय आयुष्यात कधी व्याली नाही, तरी दूध देते!"

कडाडून टाळ्या. हॉलमध्ये एवढ्या लेकुरवाळ्या बसल्या होत्या, पण न व्यालेली गाय दूध कशी देते हे विचारावंसं एकीलाही वाटलं नाही. बाजूला बोर्डावर फोटो लावलेले होते, लोणी लावण्याआधी आणि लावल्यानंतर. आधीचं पोट अंधाऱ्या मोरीत काढलेलं, नंतरचं लग्नाच्या व्हिडिओवाल्यानं दिवा मारावा तशा उजेडात. माझ्या सातवीतल्या पोरांनी ही चोरी दोन मिनिटांत पकडली असती.

मग सुरू झाली 'हस्तपरीक्षा'. पहिल्यांदा आलेल्या बायका डावीकडे, जुन्या भक्तिणी उजवीकडे. चंद्रप्रकाश म्हणजे माताजींचा उजवा हात. त्यानं डावीकडच्यांना बर्फ घातलेलं पन्हं दिलं, पितळी पेल्यातून. "दोन्ही तळव्यांत धरायचं हं ताई, जप संपेपर्यंत प्यायचं नाही." उजवीकडच्यांच्या हातात तांब्याचे छोटे गडू दिले, त्यात हवनाशेजारी ठेवलेलं तीर्थ. मला वाटलं, काय सरबराई आहे! जप संपला, पेले आणि गडू खाली ठेवले, आणि प्रत्येकीच्या तळव्यावर हरभऱ्याएवढं लोणी आलं.

उजवीकडे चमत्कारावर चमत्कार. लोणी तळव्यावर पडलं की तेलासारखं ओघळायचं. मालनचा हात तर मनगटापर्यंत माखला. ती डोळे मिटून पुटपुटत होती आणि तिच्या गालावरून पाणी वाहत होतं.

डावीकडे बहुतेकींच्या हातावर लोणी दगडासारखं बसून राहिलं. त्यांत मालनची सून निशाही होती. निशा मढच्या कोळीवाड्यातली, तिच्या घरची अजून होडी चालते. बोलायला धीट, हसायला त्याहून धीट. तिच्या मांडीवर तीन महिन्यांची दिशा झोपलेली होती आणि उजव्या तळव्यावर ते पिवळं टिंब जसंच्या तसं.

माखनमाता तिच्यापुढं येऊन थांबली. "बेटी, पोटावर जांभळ्या रेघा आहेत?"

निशानं मान हलवली. तीन महिन्यांच्या बाळंतिणीला दुसरं काय असणार!

"त्या रेघा नाहीत गं. ते देवीच्या नखांचे ओरखडे आहेत. पोटुशी असताना तुझ्या हातून काहीतरी चुकलं." तिनं दिशाकडं बोट दाखवलं. "रेघा जाईपर्यंत ह्या बाळाला कुशीत घ्यायचं नाही. अंगावर पाजायचं नाही. नाहीतर ओरखडे पोरीवर उतरतील. सकाळ-संध्याकाळ हे लोणी लाव, अनुष्ठान कर, मग बघू देवी काय म्हणते."

निशा काही बोलायच्या आत मालननं वाकून तिच्या मांडीवरून दिशाला उचललं. भर हॉलमध्ये, सगळ्यांदेखत. पोर जागी होऊन किंचाळली. निशाचे हात तसेच वर राहिले. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली, पण तिथं बोलले असते तर बायकांनी मलाच उचलून बाहेर ठेवलं असतं.

त्या दिवसापासून समोरच्या घरातून रडणं ऐकू यायला लागलं. आधी पोरीचं, मग तिच्या आईचं. दिशाला बाटली चालेना. मालन तिला खांद्यावर घेऊन गॅलरीत फेऱ्या मारायची, अंगाई म्हणायची, आणि तीही रडवेली व्हायची. मी जाऊन सांगून आले, डॉक्टरांनी आईचंच दूध द्यायला सांगितलंय, विसरलीस काय? तर म्हणाली, "डॉक्टरांका देवाचा काय कळता?" तिचा मुलगा देवेश अंधेरीला कुरिअर कंपनीत आहे, त्याला जिन्यात गाठलं. तो म्हणतो, "बाई, थोड्या दिवसांचा तर प्रश्न आहे ना. आईचं मन राखायला नको?"

"आणि बायकोचं काय लोणचं घालणारेस?" मी म्हटलं. तो दोन-दोन पायऱ्या गाळत खाली पळाला.

सोमवारी सकाळी निशा माझ्याकडं आली. डोळे सुजलेले. हातात माखनमातेची चांदीच्या रंगाची डबी.

"बाई, मला दूध भरून येतं. पोरगी पलीकडच्या खोलीत रडत असते, आणि मी मोरीत जाऊन ते पिळून टाकते." तिनं नाक पुसलं. "आता कमी यायला लागलंय. आटलं तर परत येईल का? हे लोणी नक्की काय आहे ते शोधून द्या मला. बघा, वर फक्त लिहिलंय, 'दिव्य नैसर्गिक घटक'."

"दिव्य आणि नैसर्गिक! म्हणजे नाव सांगायची लाज वाटते," मी म्हटलं. "बस. आपण प्रयोग करू."

आधी डबी उघडून वास घेतला. कापराचा नुसता भपकारा. "पहिली गोष्ट, हे अंगाला चोळायचं बंद. कापूर तान्ह्या बाळाच्या जवळपास नको." मग चमच्याच्या टोकानं थोडं पांढऱ्या फडक्यावर फासलं आणि त्यावर कपड्याचा साबण ओला करून घासला. पिवळा डाग लालभडक झाला.

"अय्या! रक्त?" निशा मागं सरकली.

"रक्त कसलं! हळद आहे. हळदीला साबण लागला की ती लाल होते. तुझ्या आईच्या साडीवर कालवण सांडलं आणि तिनं साबण लावला तर काय होतं?"

"हो की! मग केशर म्हणून सांगतात ते?"

"केशर घालायला त्यांना वेड लागलंय काय?"

मग वाटीत गोळा घेतला आणि वाटी मंद आचेवर ठेवली. लोणी कढवताना काय होतं हे कुठल्याही घरातल्या बाईला माहीत असतं. तडतडतं, फेस येतो, खाली बेरी बसते. इथं तडतड नाही, फेस नाही, बेरी नाही. नुसतं तेल झालं, आणि तळाला हळद बसली. "हे लोणी नाहीच," मी म्हटलं. "ह्यानं गाईचं तोंडसुद्धा बघितलेलं नाही." वरचं तेल दुसऱ्या वाटीत निथळून घेतलं, थोडं गरम पाणी घालून ढवळलं, पुन्हा निथळलं, असं दोन-तीनदा केलं. पिवळेपणा बराच उतरला. मग ते एका बशीत ओतून, कापूर उडून जाण्यासाठी खिडकीत उन्हाच्या कडेला ठेवून दिलं. दुपारपर्यंत बशीत पांढरट, टणक वडी तयार झाली होती, आणि मे महिन्याच्या दुपारीही ती घट्टच होती.

शाळेतून निवृत्त होताना पोरांनी मला एक थर्मामीटर भेट दिला होता. तो लावून पाहिलं. अडतीसच्या पुढं वडी मऊ पडायला लागायची, चाळिशीच्या आसपास पाणी. खोबरेल नाही, खोबरेल मे महिन्यात बाटलीत खळखळतं. डालडा नाही, तो बोटानं दाबला जातो. मेण नाही, मेणाला चटका बसेल एवढी आच लागते. निशा मोबाइलवर शोधत होती. "बाई, शिया बटर म्हणून आफ्रिकेतलं असतं. कोको बटर असतं, पण त्याला चॉकलेटचा वास येतो. आंब्याच्या कोयीचंही असतं म्हणे!"

"कुठल्यातरी बीचंच तेल आहे, एवढं नक्की. पण कुठल्या?"

मी नगर जिल्ह्यातली. आमच्याकडं करडई आणि शेंगदाणा, तेलाचं ज्ञान तिथंच संपतं. इतकी वर्षं पोरांना पदार्थ ओळखायला शिकवलं, आणि बशीभर वडी मला दाद देईना. मी अक्षरशः तिच्याशी भांडायच्या बेतात होते, तेवढ्यात दारातून मालन आत आली. हात पुसत, वैतागलेली.

"गो निशा, पोरीचो बाटलो खंय ठेवलंस?" आणि तिचं बोलणं अर्ध्यावर राहिलं. बशीकडं बघून तिचं तोंड उजळलं. "अगो बाय! कोकमाचा त्याल! बाई, खंयसून हाडलात?"

मी आणि निशा एकमेकींकडं बघत राहिलो.

मालननं वडी उचलली, नाकाशी नेली, नख रोवून बघितलं. "वास उडालो हा, पण तांच. रतांब्याच्या बियो वाळवायच्यो, कुटायच्यो, पाण्यात उकळायच्यो, वर तेल येता. माझी सासू अंड्याएवढे गोळे करून ठेवी. माझ्या कपाटात अजून एक आसा. हिवाळ्यात टाचो फुटल्यो की ह्यांच." आणि ती माझ्या उंबऱ्यावर बसलीच. "माझ्यो टाचो बघा, कश्यो चिरल्यो हत."

वडीचा कोपरा मोडून तिनं तळव्यावर घेतला, आणि पुन्हा खाली ठेवला. "असा नुसता हातावर घेऊन काय उपेग? वितळूचा नाय. आदी हात शेकूचे लागतत. चाय आसा काय?" माझा चहाचा कप टेबलावर वाफाळत होता. मालननं तो दोन्ही हातांत धरला, थोडा वेळ बसली, मग कोपरा तळव्यावर घेतला. तो बघता बघता तेल झाला. तिनं तो दोन्ही टाचांना खसाखसा चोळला.

"वा!" ती म्हणाली. "बरां वाटला."

"मालन," मी शक्य तितक्या हळू म्हटलं, "तू आत्ता टाचेला जे लावलंस ना, ते माखनमातेचं लोणी आहे."

तिनं टाचेकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग पुन्हा टाचेकडं. दुसऱ्या क्षणी ती अशी उडाली की कप कलंडला. "आई गे! देवी माझ्या टाचेक! पाणी! पाणी हाड गो निशा!" निशा हसू दाबता दाबता लालबुंद झाली होती. मी मालनला खुर्चीवर बसवलं. डबी दाखवली, साबणानं लाल झालेलं फडकं दाखवलं, वाटीच्या तळाची हळद दाखवली.  मग मी विचारलं, "गुरुवारी लोणी घ्यायच्या आधी तुझ्या हातात काय होतं?"

"तीर्थाचो गडू."

"गार होता?"

तिनं आपला तळवा उलटून बघितला. "कडकडीत होतो," ती म्हणाली.

"आणि निशाच्या हातात?"

"पन्ह्याचा पेला," निशाच म्हणाली. "बोटं बधिर झाली होती माझी."

मला वाटलं, जिंकलो. आता मालन उठेल आणि पोरगी आईच्या हातात देईल. पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाई, मी येडी ठरलंय तर ठरूंदे. पण माता म्हणता तां खरां असलां तर? माझ्या नातीक कायतरी झालां तर? तिच्या जिवाशी मी खेळूचंय नाय."

 खोटं कळल्यानं भीती जातेच असं नाही, आणि ही बाई पोरीवर प्रेम करत होती म्हणूनच घाबरली होती. मी तिचा तेलकट हात हातात घेतला.

"ठीक आहे. माझं ऐकू नकोस. गुरुवारी तूच परीक्षा घे. तुझे हात गार, निशाचे गरम, बास."

गुरुवारी हॉल पुन्हा तुडुंब. नापास झालेली निशा पुन्हा डावीकडंच, पण ह्या वेळी पर्समध्ये चहाचा छोटा थर्मास घेऊन बसली. मालन उजवीकडं बसली आणि चंद्रप्रकाशनं दिलेला गडू तिनं मांडीशेजारी ठेवला, हात लावला नाही. पदराखाली तिच्या हातात बर्फाचा रुमाल होता. दिशा माझ्याकडं होती. ती माझा चष्मा ओढत होती आणि मी घामानं निथळत होते, उकाड्यानं आणि धास्तीनंही.

"त्वचा म्हणजे आत्म्याची साडी!" माखनमातेनं सुरुवात केली. साडी झाली, गाय झाली, कैलास झाला. जपभर निशानं पन्ह्याऐवजी थर्मासच्या टोपणातला गरम चहा पदराआड धरला. जप संपला. लोणी वाटलं.

निशाच्या तळव्यावर लोणी टपकलं आणि ओघळलं. मालनच्या तळव्यावर ते गोटीसारखं बसलं. ती हात हलवून बघते, फुंकर मारून बघते, छे!

माखनमाता मालनपुढं आली आणि क्षणभर गोंधळली. पण धंद्यात मुरलेली. "लीला! देवीची लीला! सुनेचा दोष सासूनं अंगावर घेतला! किती मोठं मन!"

टाळ्या पडायला लागल्या होत्या, पण मालन उठून उभी राहिली. मालन भर सभेत कधी उभी राहत नाही. आवाज पार मागपर्यंत ऐकू जात होता.

"माते, मागच्या गुरुवारी मी पवित्र होतंय. ह्या गुरुवारी पापी झालंय. मधे मी काय केलंय? भांडी घासलंय, नातीक बाटली दिलंय, नि देवाक दिवो लावलंय. ह्यात पाप खंयचा?"

"बेटी, प्रश्न विचारायचे नसतात..."

"आणि माझी सून मागच्या गुरुवारी पापी होती. आज तिच्या हातात लोणी वितळला. मग माझी नात तिच्याकडं देऊ का नको? येकदा काय तां सांगा!"

माखनमातेला हे अवघड गेलं. 'दे' म्हणावं तर अनुष्ठानाची दक्षिणा बुडते, 'नको' म्हणावं तर आत्ताच दाखवलेला चमत्कार बुडतो. मी दिशाला खांद्यावर घेऊन पुढं गेले.

"माताजी, देवीलाच विचारा ना! पण आधी आपल्या हातावर बघू. हे घ्या पन्हं. दोन्ही तळव्यांत धरा."

"माझी परीक्षा नसते!"

"पन्हंच आहे हो!" खिडकीच्या कट्ट्यावरून कुणीतरी ओरडलं. "आम्ही दर वेळी धरतो!" दुसरी म्हणाली, "धरा ना माता, झकास गार आहे!" पाच-पन्नास बायका एका सुरात "धरा, धरा" म्हणायला लागल्या की कैलासावरचा माणूसही धरतो. तिनं धरलं. जप आम्हीच म्हटला, चांगला सावकाश म्हटला. मग मालननं तिच्या तळव्यावर लोणी ठेवलं.

ते बसलं. ते बसूनच राहिलं.

आधी कुणीतरी फिसकन हसलं. मग हसू ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेलं. "मातेला दोष लागला गं!" आणि मालननं पदराच्या गाठीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला तिच्या कपाटातला गोळा काढला, आणि चांदीच्या ताटात त्या पिवळ्या गोळ्याशेजारी ठेवला.

"ह्यां माझ्या सासूनं केललां कोकमाचा त्याल. आमी टाचेक लावतो. आता ज्येंनी गरम गडू धरले हत, त्येंनी बघा ह्यां वितळता काय."

बायका ताटावर तुटून पडल्या. गरम हातांत मालनच्या सासूचा गोळा ओघळला, गार हातांत माखनमातेचं लोणी बसून राहिलं. मग उलट करून बघितलं, तेही जमलं. अर्ध्या तासात सगळा हॉल प्रयोगशाळा झाला. दिंडोशीतल्या निम्म्या बायका कोकणातल्या. एकेकीनं मालनचा गोळा नाकाशी नेला आणि कपाळावर हात मारला. "अगं, ह्याचा गोळा माझ्या आईकडं फडताळात असायचा!" "माझ्या आजीनं हेच चोळलं, मी हेच चोळते, आणि इथं येऊन त्याला नमस्कार करते!" हळद आणि कापूर घातला, चांदीची डबी आणली, की आपल्याच घरातली वस्तू आपल्याला ओळखू येईना, असं झालं होतं सगळ्यांचं.

चंद्रप्रकाश माइकची वायर गुंडाळायला लागला होता. मी मोठ्यानं म्हटलं, "महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आहे हो! तान्ह्या बाळाला आईपासून तोडायला सांगितल्याचं पोलिसांना ऐकायला आवडेल!" त्यावर माखनमातेला एकाएकी कैलासाहून बोलावणं आलं. ती हॉलच्या मागच्या दारानं गेली आणि कैलासाला जाणारी रिक्षा तिला नाक्यावर मिळाली. डब्या तिथंच राहिल्या.

मालन माझ्याजवळ आली. माझ्या खांद्यावरून तिनं दिशाला घेतलं आणि निशापुढं जाऊन उभी राहिली. 

"घे गो," ती म्हणाली. "तुझां बाळ. माझां चुकला. रडवलंय मी तुका, नि तिकाय."

निशानं पोरीला छातीशी घेतलं. पदर ओढून घेतला. दिशा आधी चिडून रडली, डोकं इकडं-तिकडं आपटलं, आणि मग एकदम गप्प झाली. चुळुकचुळुक आवाज यायला लागला. "येतंय," निशा म्हणाली. "बाई, येतंय!" आणि ती रडायला लागली आणि हसायलाही लागली. मालन तिच्या शेजारी जमिनीवर बसली, तिच्या पाठीवर हात फिरवत. मी चष्मा पुसला. घामच आला होता मला, दुसरं काही नाही.

मग माइक माझ्या हातात आला, आणि मी मास्तरीण, मी सोडते होय!

"ऐका गं बायांनो. कोकमाच्या बियांचं तेल गार हातावर घट्ट राहतं, शेकलेल्या हातावर वितळतं. म्हणून पन्हं आणि म्हणून गडू. पहिल्यांदा आलेली बाई नापास व्हायलाच हवी, नाहीतर ती पुन्हा येणार कशाला? फोटोतलं पोट उजेडानं पुसलं होतं. आणि तुमच्या रेघा सुरुवातीला लाल-जांभळ्या असतात, वर्षभरात आपोआप फिक्या होतात. तेवढ्या काळात लोणी चोळा, तूप चोळा, नाहीतर नुसतं भिंतीकडं बघत बसा, त्या फिक्या होणारच. श्रेय मात्र डबीवाला घेऊन जातो."

"मग पूर्ण जातात कशानं, बाई?"

"पूर्ण पुसतील असं तेल मला माहीत नाही, आणि कुणी छातीठोक सांगितलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. तेलानं कातडी मऊ राहते, खाज कमी होते, एवढं खरं. फारच वाटलं तर त्वचेच्या डॉक्टरला दाखवा. पण ते ओरखडे नाहीत आणि पाप तर नाहीच नाही. आत माणूस वाढत होतं, कातडी ताणली गेली, तिचे धागे सुटले. बास, इतकंच झालंय."

 मग मागून एक आजी म्हणाल्या, "माझ्या पोटावर तर कोकणातल्या सगळ्या नद्या आहेत गं, खाडीसकट." हॉल फुटला. दुसरी म्हणाली, "मला जुळी झाली, माझ्याकडं नद्या जाऊ देत, धरणंसुद्धा आहेत!" इतके दिवस ज्या बायका टॉवेल गुंडाळून कपडे बदलत होत्या, त्या एकमेकींना कोपरखळ्या मारत पोटांची वर्णनं करायला लागल्या. पंखे कुणीतरी लावले. निशा भिंतीला टेकून पाजत होती, आणि मालननं तिला विचारलं, "तुका दुकता काय गो त्यां?"

"नाय हो आई. रेघा आहेत नुसत्या. राहू देत. ही राहायची तिथं."

वाचणाऱ्यांनो, माझं तुमच्याकडं एकच मागणं आहे. उद्या दुसरी माता येईल, दुसरी डबी येईल, त्यात काय असेल ते मला आत्ता सांगता येणार नाही. पण तुम्ही विचारा. ह्यात काय आहे, ते कुठून आलं, माझ्या हातात हा पेला का दिला, आणि हाच प्रयोग तुमच्या हातावर करून दाखवाल का? खरा असेल तो माणूस बसवून घेऊन समजावून सांगेल. विचारल्याबद्दल कुणी डोळे वटारले, शाप दिला, तुमच्या लेकराची भीती घातली, तर लेकराला घट्ट धरा आणि तोच प्रश्न पुन्हा विचारा, ह्या वेळी मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असा.